वर्गातली लेक्चर्स रेकॉर्ड करायला मिररलेस घ्यावा की कॅमकॉर्डर?

तुमचा प्रश्न असा की तास-दीड तासाची लेक्चर्स रेकॉर्ड करायची आहेत, फळ्यावरचं नीट वाचता यायला हवं, तर मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटोंचा कॅमेरा) घ्यावा की कॅमकॉर्डर (खास व्हिडिओसाठीचा कॅमेरा), आणि फोर-के, म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक चित्र, लागेलच का. मी बरीच वर्षं गणिताचे तास रेकॉर्ड करतो. माझं म्हणणं असं की आधी माइक जॅक बघा, मग कॅमेरा न थांबता किती वेळ चालतो ते बघा, आणि चित्राचा विचार त्यानंतर करा.

चित्र थोडं फिकट असलं तरी मुलं लेक्चर बघतात. आवाज कळत नसेल तर पाच मिनिटांत बंद करतात. शेवटच्या बाकामागे ठेवलेल्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक पंखा आणि बाकांची खरखर छान पकडतो. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की शब्द विरतात. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून कॉलर माइक हवाच, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. त्यासाठी कॅमेऱ्याला 3.5 मिलिमीटरचा माइक जॅक लागतो. शेजारी हेडफोन जॅकही असेल असंच मॉडेल घ्या, यावर मी अडून बसेन. एकदा मॅडमच्या गळ्यातली साखळी माइकवर घासत होती. वर्गात कोणालाच कळलं नाही. घरी फाइल लावली तर प्रत्येक वाक्यावर कुरकुर, अख्खा तास वाया. तेव्हापासून पहिली दोन मिनिटं हेडफोन लावून ऐकल्याशिवाय मी जागचा हलत नाही.

आता वेळेचं. जुने डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांना आपोआप थांबत. 30 मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जादा आयातशुल्क लागायचं, त्यातून ही मर्यादा आली. नव्या अनेक मॉडेलांत ती नाही, पण लांब रेकॉर्डिंगला काही कॅमेरे तापून बंद पडतात. सेकंडहँड घेत असाल तर हे आधी तपासा. सिद्धता अर्ध्यावर असताना रेकॉर्डिंग थांबलं तर पुढचं कुठून आणणार? कॅमकॉर्डर मुळात लांब चालायलाच बनवलेला असतो आणि बहुतेक मॉडेलं अडॅप्टर लावून चालतात. प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असल्यामुळे सर इकडून तिकडे गेले तरी फोकस सहसा सुटत नाही. मागची पार्श्वभूमी धूसर करणारी मिररलेसची करामत वर्गात नडते, कारण आपल्याला सर आणि फळा दोन्ही स्पष्ट हवेत. तुमच्या कामाला मी कॅमकॉर्डरच घेईन.

फोर-के कधी? कॅमेऱ्यामागे कोणी बसणार नसेल तेव्हा. 3840 × 2160 म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, त्यामुळे अख्खा फळा फ्रेममध्ये घेऊन नंतर हवा तो भाग कापता येतो. माणूस असेल तर फुल एचडी आणि चांगला ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगाने जवळ आणणारा, पुरे. डिजिटल झूम नुसतं चित्र कापून मोठं करतो, त्याचा आकडा कितीही मोठा असला तरी बघूच नका. 17 मेगाबिट प्रतिसेकंद दराने तासाभराची फाइल साडेसात जीबीच्या वर जाते; मेमरी कार्ड एफएटी32 या जुन्या फाइल-पद्धतीचं असेल तर तिचे 4 जीबीचे तुकडे पडतात, त्यांना घाबरू नका, नंतर जोडता येतात.

एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ येईल ते, हाताने लावता आलं पाहिजे. ऑटोवर ठेवलं तर पांढऱ्या बोर्डापुढे सरांचा चेहरा काळवंडतो आणि काळ्या फळ्यापुढे तोच चेहरा पांढराफटक होतो. चेहऱ्यावर एक्सपोजर घेऊन लॉक करा. शटरचा वेग 50 हर्ट्झच्या विजेवर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, 60 हर्ट्झ असेल तर 1/60. नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसतात.

ट्रायपॉड मजबूत घ्या, एवढंच.

आणि पैसे खरंच कमी असतील तर कॅमेरा सध्या राहू द्या. हातातला फोन एअरप्लेन मोडवर टाका, चार्जर लावा, ट्रायपॉडवर बसवा आणि असतील ते पैसे कॉलर माइकवर घाला. मागच्या बाकावरून कॅमेऱ्याच्या माइकने घेतलेल्या फोर-के व्हिडिओपेक्षा ते लेक्चर मुलांना जास्त कळेल.