वाचकांचे प्रश्न: मुलांना व्हिडिओ कॉन्फरन्सला बसवायचंय, तयारी काय करू?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, पाचवी ते सातवीची 26 मुलं आहेत. बालदिनाच्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या मराठी शाळेच्या मुलांशी आमची व्हिडिओ कॉन्फरन्स ठरलीय. एक लॅपटॉप, एक टीव्ही आणि माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट एवढंच आहे. मुलांनी आणि मी काय तयारी करावी?

उत्तर: ताई, आधी वेळ पक्की करा. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आपली नाही जात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये साडेबारा तासांचा असलेला फरक बालदिनाच्या वेळी साडेतेरा तासांचा होतो. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी 8 तेव्हा त्यांच्याकडे शनिवार संध्याकाळचे साडेसहा. वार आणि तारखेसकट दोन्हीकडच्या वेळा लिहून पाठवा.

मग आवाज. चित्र अडखळलं तरी मुलं निभावून नेतात, पण आवाज कळला नाही की पाच मिनिटांत चुळबूळ सुरू होते. पत्र्याच्या किंवा रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणून सतरंज्या अंथरा, पंखा बंद ठेवा, आणि तुमच्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरू नका, एका खोलीत दोन माईक-स्पीकर चालू राहिले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. बोलणारं मूल लॅपटॉपजवळ येऊन बोलेल अशी एक खुर्ची ठेवा, आणि खिडकी मुलांच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरे काळे दिसतात. हॉटस्पॉटवाल्या फोनवर मध्येच कॉल येऊ नयेत म्हणून घरच्यांना सांगून ठेवा. चार्जिंग, लोडशेडिंग हे तुम्ही बघालच.

मुलांची तयारी मात्र आदल्या दिवशी उरकायची गोष्ट नाही, निदान दोनदा रंगीत तालीम घ्याच. अर्धा वर्ग शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसवा, अर्धा इकडे लॅपटॉपवर. आवाज पोचायला जरा वेळ लागतो हे मुलांना माहीत नसतं, उत्तर लगेच आलं नाही की ती तोच प्रश्न परत मोठ्यानं विचारतात आणि तिकडचं उत्तर त्यातच बुडतं, म्हणून विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे ही सवय लावा. प्रश्न मुलांनाच काढू द्या. पाठ करून घेतलेले प्रश्न ऐकू येतात हो, समोरच्या मुलालाही कळतं. "तुमच्या डब्यात काय असतं?" हा प्रश्न कुठल्याही भाषणापेक्षा जास्त गप्पा काढतो.

आणि तिकडची मुलं सुट्टीच्या दिवशी वेळ काढून मराठी शिकतात, त्यांचे उच्चार वेगळे असणार, शब्द अडणार. आपल्या मुलांना हे आधीच सांगा, कारण कुणी एक जरी हसलं तर ते पोर पुढे इंग्रजीतच बोलेल.

पालकांची परवानगी लेखी घ्या, रेकॉर्डिंग करणार का तेही त्यात लिहा, आणि स्क्रीनवर मुलांची पूर्ण नावं नकोत, शाळेचं नाव पुरे.

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त जण असतील तर 60 मिनिटांत. म्हणून पस्तिसाव्या मिनिटाला निरोपाची कविता सुरू करा. तिकडच्या बाईंचा व्हॉट्सअॅप नंबर फळ्याच्या कोपऱ्यात नको, कागदावर लिहून खिशात ठेवा, लाईन तुटली तर तोच कामाला येतो.