रायफल की पिस्तूल, सुरुवात कशाने करू?

प्रश्न: वय ३४, नेमबाजी शिकायचीय, जमलं तर स्पर्धाही खेळायच्यात. आधी रायफल घेऊ की पिस्तूल? चष्मा आहे, चालेल का?

उत्तर: चष्म्याचं टेन्शन अजिबात घेऊ नका, भरपूर नेमबाज चष्मा लावूनच खेळतात, आणि वयही आड येत नाही. पण विकत आत्ता काहीच घेऊ नका प्लीज. रेंजवर जा, कोचकडून दोन्ही हाताळून बघा, १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, दोन्हीत ४.५ मिमीचा छर्रा असतो. रायफलला नेमबाजीच्या जाड, कडक जॅकेटचा आधार मिळतो पण तिच्या टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, पिस्तूलचा ११.५ मिमी, म्हणून पिस्तूल सोपं वाटेल, पण ते एकाच हाताने धरायचं असतं आणि मनगट जरा हललं की शॉट गेलाच.

पहिल्या दिवसापासून नळी कायम टार्गेटच्या दिशेने आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, यात सूट नाही म्हणजे नाही, आणि जो कोच हे आधी शिकवत नाही त्याच्याकडे शिकूच नका.

मग ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता सराव. कंटाळवाणं वाटेल, पण खरं शिक्षण इथेच होतं! श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगर हळूहळू मागे घ्यायचा, आणि क्लिक झाल्यावरही क्षणभर नजर साईटवरच, म्हणजे नेम धरायच्या खुणेवरच ठेवायची, नवीन लोक लगेच मान वर करून शॉट बघतात आणि तिथेच बिघडतं. मॅचमध्ये ६० शॉट्स ७५ मिनिटांत उभ्यानेच मारायचे असतात, त्यामुळे पाय-कंबरेचा व्यायामही आत्तापासून चालू करा.