रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली असते. नवीन बॅटरी टाकावी का?

रात्री गाडी व्यवस्थित चालवून उभी केली, सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी जेमतेम वर्षाची आहे आणि चार्जिंग ठीक असल्याचं मेकॅनिकने सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: नवीन बॅटरी आज घेऊ नका. गाडी करंट खात असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच बसेल.

आधी एक रात्र थांबा. गाडी उभी केल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा (स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा). दोन-तीन तासांनी व्होल्टेज मोजा. लगेच मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सकाळी टर्मिनल जोडण्याआधी पुन्हा मोजा. काही न जोडताही आकडा चांगलाच खाली आला असेल, तर दोष बॅटरीतच आहे. आकडा १२.६ वर टिकला, पण सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळला, तरीही बॅटरी थकलेलीच समजा. आकडा टिकला आणि गाडी झटक्यात चालू झाली, तर मात्र गाडीत कुठेतरी करंटची गळती आहे, म्हणजे बंद गाडीतही काहीतरी करंट खातंय.

इथे थोडा हिशेब कराच, कारण बहुतेक जण तो करत नाहीत. समजा बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे (एक अँपिअर करंट तासभर गेला की एक अँपिअर-अवर खर्च होतो). बंद गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ जागे असतात. त्यांचे ५० मिलीअँपिअरपर्यंत सहसा चालतात. दिवसाला ते १.२ अँपिअर-अवर होतात, म्हणजे काहीच नाही. डिकीतला ५ वॉटचा दिवा जळत राहिला तरी दहा तासांत ४ च्या आसपास जातात. तेवढ्यानं भरलेली, धडधाकट बॅटरी एका रात्रीत मरत नाही. म्हणून एका रात्रीत गाडी बंद पडते तेव्हा एकतर काही अँपिअरची मोठी गळती असते, किंवा बॅटरी संध्याकाळीच अर्धी रिकामी असते आणि छोटी गळती तिला संपवते. मला दुसरा प्रकार जास्त दिसतो.

आता गळती पकडायची. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी करंटवर ठेवा आणि निगेटिव्ह पोल व सुटी केबल यांच्यामध्ये जोडा. मीटर असं जोडलेलं असताना इग्निशन किंवा सेल्फ चुकूनही नको; मीटरचा फ्यूज जाईल. मोजून झालं की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत. ती तशीच ठेवून बॅटरीच्या दोन्ही पोलना टेकवली तर तो सरळ शॉर्ट आहे.

बॉनेट उघडं लागणारच, पण बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बसवा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. चावी लांब ठेवा. सुरुवातीला मीटरवर काही अँपिअर दिसतील, घाबरू नका. आतले मॉड्यूल (गाडीतले छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) एकेक करून झोपतात आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो: ३ वरून १, मग ०.४, आणि निरोगी गाडीत शेवटी ०.०३. याला वीस मिनिटं लागतील, काही गाड्यांत तासभरही. हा धीर न धरल्यामुळेच पुष्कळ निदानं चुकतात.

आकडा वरच अडकला तर फ्यूज एकेक काढून बघा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर. नव्या गाड्यांत फ्यूज काढ-घाल केल्याने मॉड्यूल पुन्हा जागे होतात; तिथे फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. शून्य असेल तर त्यातून करंट जात नाही.

माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्टिरिओ. स्टिरिओची पिवळी वायर कायम सप्लायची आणि लाल इग्निशनची असते; फिटरने घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की तो रात्रभर जागा राहतो. डिकी आणि ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्यांसाठी फोन व्हिडिओवर लावून आत ठेवा आणि झाकण बंद करा. दिवा विझतो की नाही ते कळेल. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बघा. तो बिघडला तरी चार्जिंग बऱ्याचदा ठीक दिसतं, म्हणून मेकॅनिकच्या त्या एका वाक्यावर विसंबू नका. निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा, मग मीटर लावा. आकडा पडला तर उत्तर मिळालं.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर पूर्ण भरा. अर्ध्या तासाच्या फेरीने ती भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी एव्हाना क्षमता गमावून बसलेली असू शकते, म्हणून भरल्यावर तिची लोड टेस्ट (भार टाकून ती किती टिकते याची तपासणी) करून घ्या. त्यात नापास झाली, तर मग नवी घ्या.