मोठी माणसं झोपलीत

रात्री पलंगाखालून खुडबुड ऐकू यायची, म्हणून आईला आधी वाटलं की घरात उंदीर शिरलाय. वाकून पाहिलं तर प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, तळहाताने दाबून सरळ केलेल्या आणि एकावर एक रचून ठेवलेल्या. शेजारी बुटाच्या खोक्यात बाटल्यांची झाकणं. आईने वैतागून सगळं गोळा केलं आणि कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी मुलीने पलंगाखाली हात घातला, हाताला काही लागलं नाही, आणि जे रडणं सुरू झालं ते दीड तास थांबेना. "आता ते समुद्रात जाणार! तुझ्यामुळे जाणार!" एवढंच पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी त्या आईचा मला फोन आला. मुलांच्या मनाच्या अडचणी पाहणं हे माझं काम.

मुलगी सात वर्षांची. तिला इथे मनू म्हणूया. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि याच कारणासाठी आलेल्या आणखी एक-दोन मुलांचं थोडंफार तिच्यात मिसळलं आहे. महिन्याभरापूर्वी सगळ्या घराने मिळून एक अ‍ॅनिमेशनपट पाहिला होता. जाळ्यात अडकलेलं देवमाशाचं पिल्लू एका बहीण-भावाला सापडतं. ती दोघं त्याला खाडीत लपवतात, पाठलागावर असलेल्या जहाजाला चकवतात आणि शेवटी पिल्लाला आईपाशी नेऊन सोडतात. गाणी आहेत, विनोद आहेत, एक बावळट समुद्रपक्षी आहे. पाहताना मनू खूप हसली होती. रडायला सुरुवात झाली ती चित्रपट संपल्यावर, अंथरुणात.

"मॅडम, शेवट तर गोड होता," बाबा म्हणाले. "पिल्लू वाचतं हो! मग ही रडते कशाला?" आईचा प्रश्न वेगळा होता. "ही अति हळवी आहे का? पुढे कसं होणार हिचं? असलं काही दाखवूच नये का?"

हा प्रश्न माझ्याकडे दर काही महिन्यांनी येतो. प्राणी तेवढा बदलतो. कधी कासव, कधी डॉल्फिन, एकदा तर पूर्ण काल्पनिक, सहा डोळ्यांचा समुद्री राक्षस होता आणि त्याच्यासाठी एक मुलगा आठवडाभर नीट जेवला नव्हता.

घरच्यांनी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. "अगं, कार्टून आहे ते, खरं नाही." चार वर्षांच्या मुलाला याचा थोडा तरी उपयोग होतो, कारण त्या वयात भीती दिसण्याला चिकटलेली असते. मोठे दात, काळं पाणी, कर्कश आवाज. पडदा बंद केला, आईने जवळ घेतलं, की भीती ओसरते. सात-आठच्या आसपास गणित उलटं होतं. चित्र काढलेलं आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे राक्षसाला ते हसतं. पण जे प्रत्यक्षात घडू शकतं त्याची भीती आता बसू लागते. मनूला कार्टून कळत होतं. देवमासे खरे असतात, जाळी खरी असतात आणि स्वयंपाकघरातली पिशवीही खरी असते, हेसुद्धा कळत होतं. "खरं नाही" म्हणणारी आई तिच्या लेखी एक तर खोटं बोलत होती, नाही तर तिला काही माहीतच नव्हतं. दोन्हींत मनू एकटीच पडत होती.

पहिल्या भेटीत मी स्वतः चुकले. तिला बरं वाटावं म्हणून मी माहितीचं गाठोडं उघडलं. १९८२ साली बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं की विक्रीसाठी देवमासे मारणं थांबवायचं, आणि १९८६ पासून ते लागू झालं. त्यानंतर हंपबॅक जातीच्या देवमाशांची संख्या इतकी सावरली की २००८ साली त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून सर्वांत कमी काळजीच्या गटात आणलं गेलं. मी खुशीत सांगत होते. मनूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळ्या देशांनी थांबवलं?"

नाही, सगळ्यांनी नाही. दोन-तीन देश अजून मारतात.

"आणि जाळी?"

जाळी आहेतच. देवमासा आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, वर येता आलं नाही तर बुडतो. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं. चित्रपटात होतं ना. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि बूट एकमेकांवर घासत होती. माझ्या प्रत्येक चांगल्या बातमीला तिच्याकडे एक प्रश्न होता आणि प्रत्येक प्रश्न बरोबर होता. माहितीने तिची काळजी हलकी होत नव्हती, कारण तिची अडचण माहितीची नव्हतीच. पण ती कशाची, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

दुसऱ्या वेळी मी बोललेच नाही फारसं. कागद आणि खडू पुढे केले. तिने समुद्र काढला, कागदाच्या तीन चतुर्थांश भागात निळा रंग घासून घासून भरला. मध्ये पिल्लू, त्याच्या अंगावर काळ्या रेघांचं जाळं. एका कोपऱ्यात होडी, होडीत एक मुलगी, हातात कात्री. आकाशात चंद्र.

"ही कोण?"

"मी."

"रात्र आहे?"

"हो. दिवसा शाळा असते."

"आणि मोठी माणसं कुठे आहेत, मनू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काय विचारतेय हेच तिला कळेना. "ती झोपलीत," ती म्हणाली.

हे तिने कुठून आणलं ते उघड होतं. मुलांच्या साहसकथेत मोठ्यांना वाटेतून दूर करावंच लागतं. आई-बाबा जागे, शहाणे आणि हाताशी असतील तर गोष्ट दहा मिनिटांत संपेल: "बाबा, देवमासा अडकलाय." "बरं, मी फोन करतो." कोण पाहील असला चित्रपट? म्हणून कथाकार मोठ्यांना गावाला पाठवतो, आजारी पाडतो, मूर्ख करतो किंवा खलनायक करतो. कसबाचा भाग आहे तो, आणि माझी त्याला हरकत नाही. दोन तास पोरांना आपण कर्ते आहोत असं वाटणं ही मौजच असते, आणि बहुतेक मुलं चित्रपट संपला की ते कर्तेपण तिथेच सोडून उठतात. मनूसारखी काही मुलं ते घरी घेऊन येतात.

बाबांना न सुटलेलं कोडं मला इथे सुटलं. शेवट गोड होता म्हणूनच ती रडत होती. दोन मुलांनी एक पिल्लू सोडवलं, म्हणजे मुलांना हे जमतं. मग बाकीच्या पिल्लांना सोडवायला मी का गेले नाही? पिशव्या साठवणं हा तिचा त्यातल्या त्यात जमणारा भाग होता. पलंगाखालची पिशवी समुद्रात जाऊ शकत नाही. एक पिशवी अडवली, एक जीव वाचला. रात्रीची खुडबुड म्हणजे ती उठून पिशव्या मोजत होती, पहारा देत होती. आणि आईने तिच्या अपरोक्ष तो सगळा साठा बाहेर नेऊन टाकला होता.

आमच्या धंद्याची एक खोड सांगते. मूल एखाद्या प्राण्यासाठी रडतंय म्हटलं की आम्हाला लगेच मागे काहीतरी मोठं दडलेलं हवं असतं. पिल्लू आईपासून तुटलं, तर घरात कोणी दुरावलंय का? मीही शोधलं. आई-बाबांचं बरं चाललं होतं, कोणी गेलं नव्हतं, शाळा ठीक, मैत्रिणी होत्या. काही नव्हतं. कधीकधी मूल देवमाशासाठी रडतं तेव्हा ते देवमाशासाठीच रडत असतं, आणि तसं मान्य करायला आम्हा शिकलेल्या माणसांना जड जातं.

तिसरी भेट फक्त आई-बाबांची. चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. बाबा बराच वेळ त्या होडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी तिला म्हणालो होतो, तू मोठी झालीस की वाचव सगळ्यांना. प्रोत्साहन म्हणून म्हणालो हो." वाक्य चांगल्या मनाने बोललेलं होतं, पण मनूने त्यातून एवढंच उचललं की तोपर्यंत कोणीच काही करणार नाहीये.

अति हळवी आहे का, या प्रश्नाला मी आईला सरळ उत्तर दिलं: हळवी आहे, आजारी नाही. तिचा हळवेपणा कमी करायचा नाही, तिची ड्यूटी कमी करायची आहे. आणि ती कमी होते कशी, तर दुसऱ्या कोणीतरी ती उचलली तर. "तू काळजी करू नकोस" म्हणून मूल काळजी सोडत नाही. "हे माझ्याकडे दे" म्हटलं, आणि खरंच घेतलं, तर सोडतं.

आईने आधी माफी मागितली. स्पष्टीकरण न देता, "तुझ्या वस्तू तुला न विचारता टाकल्या, चुकलं माझं," एवढीच. मग घरातल्या पिशव्यांचं खातं बाबांकडे गेलं. प्लॅस्टिक वेगळं करायचं, पोचवायचं ते बाबा, आणि आठवड्यातून एकदा मनू तपासणार. तपासणी फक्त दिवसा. मनूकडे एकच काम, स्वतःची पाण्याची बाटली भरून नेण्याचं. आईला यात गंमत वाटत होती; मी तिला म्हटलं, हसू नका, तुमचा नवरा एखाद्या आठवड्यात विसरला तर ती पुन्हा रात्री उठेल. दुसऱ्याच आठवड्यात तो विसरला. ती उठली. मग मात्र नाही विसरला.

दुसरं काम होतं झोपलेल्या मोठ्यांना जागं करण्याचं. बाबांना मी गृहपाठ दिला: खरोखर देवमासा जाळ्यात अडकतो तेव्हा कोण येतं ते शोधा आणि तिला सांगा. त्यांनी शोधलं, आणि त्यातून जे निघालं त्याने मीही थक्क झाले. जगात यासाठी प्रशिक्षण घेतलेली पथकं आहेत. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन, म्हणजे मुळात देवमाशांच्या शिकारीचे नियम करायला १९४६ सालच्या करारातून उभी राहिलेली संस्था, आज निरनिराळ्या देशांतल्या लोकांना देवमासे सोडवण्याचं शिक्षण देते. ही माणसं पाण्यात उडी मारत नाहीत. पूर्ण वाढलेला हंपबॅक १४-१५ मीटर लांब असतो. घाबरलेल्या अवस्थेत त्याने शेपटी हाणली तर माणूस उरणार नाही. ते छोट्या होडीतूनच, लांब दांड्याला बसवलेल्या वाकड्या सुरीने दोर कापतात. पण त्याआधी देवमासा थकायला आणि पृष्ठभागाजवळ राहायला हवा. त्यासाठी त्याच्या अंगावरच्या दोराला मोठमोठे तरंगते फुगे अडकवतात. ही युक्ती मूळची शिकाऱ्यांची. ते पिंपं बांधायचे, देवमासा दमावा आणि मारता यावा म्हणून.

हे ऐकून मनू बराच वेळ गप्प होती म्हणे. मग तिने विचारलं, "म्हणजे ती माणसं मोठी असतात? बाबाएवढी?"

त्यानंतर तिघांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. आईला हे धाडस वाटत होतं. बंदी घालावी असा तिचा कल होता. बंदीचा तोटा असा की शेवटचं चित्र मनातच अडकून राहतं, आणि मनातलं चित्र पडद्यावरच्यापेक्षा भीषण असतं. मात्र पुन्हा पाहायचं ते मूल तयार असेल तरच, दिवसाउजेडी, आणि रिमोट त्याच्या हातात देऊन. मनूने नेमका तो प्रसंग थांबवला जिथे बहीण-भाऊ काळोखात घरातून निघतात. "इथे त्यांनी बाबांना उठवायला पाहिजे होतं," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "मला उठव हं." "तू घोरतोस," ती म्हणाली. बाबांच्या मते हा महिन्याभरातला पहिला विनोद होता.

प्रत्येक रडणाऱ्या मुलाला माझ्याकडे आणायची गरज नाही. चार-आठ दिवस विषय निघत राहणं, एखाद-दुसऱ्या रात्री जवळ झोपायला येणं, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारणं, हे चालायचंच. झोप, खाणं, शाळा किंवा खेळ यांवर दोन-तीन आठवड्यांनंतरही परिणाम दिसत असेल, मूल स्वतःला दोष देत असेल, किंवा मोजणं-तपासणं थांबवताच येत नसेल, तर मात्र दाखवा. मनूच्या बाबतीत मोजणं किती दिवसांत सुटतं यावर माझी नजर होती. तीन आठवडे लागले.

शेवटच्या भेटीला ती बुटाचं खोकं घेऊन आली. कचऱ्यात गेल्यानंतर पुन्हा गोळा केलेली झाकणं. म्हणाली, "मावशी, हे तुझ्याकडे ठेव. तुझ्या कपाटाला कुलूप आहे."

"किती आहेत?"

"४३."

मी मोजायला लागले तर तिने मला थांबवलं. "मोजली आहेत," ती म्हणाली, आणि बाहेर बूट घालत बसलेल्या बाबांकडे पळाली.