बायबल ऐतिहासिक क्रमाने वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?

नव्या करारापुरतं, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या दुसऱ्या भागापुरतं सांगतो. छापील क्रम बाजूला ठेवा. आधी सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र (थेस्सलनीकाकरांस) वाचा, साधारण इ. स. 50 चं. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, त्यानंतर वीसेक वर्षांनी लिहिलं गेलं, तरी पुस्तकात आधी येतं! मग मार्कचा 16 वा अध्याय उघडा. 4 थ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत तो 8 व्या वचनालाच थांबतो: येशूच्या कबरेतून पळालेल्या बायका, भ्यालेल्या, गप्प. छापील बायबलांत मात्र तो 20 व्या वचनापर्यंत जातो. नागपुरात सदरला आमच्या रविवारच्या अभ्यासात हे वाचलं, तेव्हा एका आजींनी विचारलं, "मग पुढची बारा वचनं कोनं लिहिली जी?" तिथूनच आमचा खरा अभ्यास सुरू झाला. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशियस याच्या 367 सालच्या पत्रात सापडते, ते शेवटी बघा.