अनुभव नाही, म्हणून नोकरी नाही

प्रश्न : शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन सहा महिने झाले. अनेक शाळांकडे अर्ज केले, परंतु अनुभव नसल्याने कोणी बोलावत नाही. काय करावे?

उत्तर : सराव पाठ हाच तुमचा अनुभव आहे, मात्र अर्जात बहुतेक जण तो एका ओळीत गुंडाळतात. कोणत्या इयत्तेला कोणता घटक शिकवला, मुले कुठे अडली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय बदलले, हे चार वाक्यांत लिहा. रजेवरील शिक्षकाच्या जागी मिळणारे तात्पुरते काम कमी लेखू नका. नमुना पाठासाठी बोलावणे आलेच, तर दहा मिनिटांत अपूर्णांकांचा सगळा धडा उरकण्यापेक्षा (नवखे हमखास तेच करतात) एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा लहान का, एवढेच कागदाला घड्या घालून मुलांकडून काढून घ्यावे.