दहा वर्षांचा मुलगा साहसाच्या आणि जादूच्या कादंबऱ्या अर्ध्यात सोडतो. कुठून सुरुवात करावी?

काकू, तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, बडोद्यातच इंग्रजी शाळेत जातो, मराठी वाचतो पण सावकाश, आणि वाढदिवसाला मिळालेल्या तिन्ही जाड कादंबऱ्या त्याने पन्नास पानांच्या आत बाजूला ठेवल्या. शिवाय मोठ्यांचं नको, वाचणाऱ्या मुलांचं मत हवंय. मी अकरावीत आहे आणि अजूनही मुख्यतः हेच वाचते, तेव्हा माझं चालून जावं.

जाड आहे म्हणून पुस्तक सुटत नाही. नायक उंबरठा ओलांडायला फार वेळ लावतो, म्हणून सुटतं. दुकानात पुस्तक हातात घेतलं की मागचं कौतुक वाचू नका. कितव्या प्रकरणात मूल घराबाहेर पडतं ते बघा. नार्निया मालिकेतल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये ल्युसी पहिल्याच प्रकरणात कपाटातून थेट बर्फात पोचते. पहिल्या हॅरी पॉटरमध्ये शाळेची आगगाडी सहाव्या प्रकरणात सुटते. त्याआधी मावशीच्या घरातला छळ आहे, तो मजेदार आहे, पण सावकाश वाचणाऱ्याला लांबलचक वाटतो. त्याला आधीच सांगून ठेवा, 'चौथ्या प्रकरणात धिप्पाड हॅग्रिड हॅरीला न्यायला येतो, तोवर दम धर.' एवढ्यानेही पुष्कळ मुलं टिकतात.

उशीर झाला की पुस्तक वाईट, असं मात्र नाही. 'ट्रेझर आयलंड'मध्ये जहाज दहाव्या प्रकरणात निघतं आणि बेटावर पाय तेराव्यात पडतो. पण पहिली पाच प्रकरणं खाणावळीत आणि तिच्या आसपास घडत असली तरी संकट स्वतःच दाराशी येतं: आंधळा समुद्री लुटारू प्यू, त्याच्या काठीची टकटक, लुटारूंच्या धमकीचा काळा ठिपका. रात्री वाचायला याहून चांगलं काही नाही. त्याची अडचण पुढे आहे. गोष्ट सांगणारा मुलगा जिम आहे, पण सोळा ते अठरा ही तीन प्रकरणं तो सांगत नाही, डॉक्टर सांगतो. कुणी सांगितलं नसेल तर मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि पुस्तक नेमकं तिथे मिटतं. ती तीन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. एकोणिसाव्यात जिम परत येतो.

आता खरी फसवणूक. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या या गोष्टींच्या पुष्कळ आवृत्त्या संक्षिप्त असतात आणि मुखपृष्ठावर तसं ठळक लिहिलेलं नसतं. ओळखायला सोपं आहे, अनुक्रमणिका मोजा. 'ट्रेझर आयलंड' ३४ प्रकरणांचं आहे, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचं ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याचं ३७ प्रकरणांचं, 'द हॉबिट' १९. दहा-बारा भरली तर समजा सांगाडा हाती आलाय. संक्षिप्त वाचू नये असं माझं म्हणणं नाही, सावकाश वाचणाऱ्याला तो टेकू होतो. पण कापताना आधी विनोद जातो, मग संवाद, आणि उरतं ते 'मग तो इकडे गेला, मग तिकडे गेला'. कंटाळवाण्या पुस्तकांपैकी निम्मी अशी कापलेली असतात, असा माझा संशय आहे.

मराठीत सुरुवात फास्टर फेणेनेच करा. जुनं म्हणून नाक मुरडू नका. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात विद्याभवनात शिकतो, अंगाने काडी, सायकल भन्नाट, आणि डोकं चाललं की तोंडातून 'ट्टॉक' निघतं. वाक्यं छोटी, धावती. प्रत्येक पुस्तकाची गोष्ट स्वतंत्र आहे, त्यामुळे क्रमाची भानगड नाही. प्रतापगड, काश्मीर, चक्रीवादळ, ज्याचं नाव आवडेल ते उचलावं. मला सगळ्यात पटतं ते हे की बन्या बळाने जिंकत नाही आणि शेवटी कुणी मोठा माणूस येऊन त्याला सोडवून नेतो असंही सहसा होत नाही. मुलांच्या साहसकथेत मोठी माणसं दूर हवीत. ती जवळ असली की साहसाची सहल होते.

नंतर व्हर्न. बडोद्यात राहण्याचा इथे फायदा आहे. मुलगा शाळेत गुजराती शिकत असेल तर मूळशंकर भट्टांनी गुजरातीत आणलेली व्हर्नची पुस्तकं हुडका, 'सागरसम्राट', 'पाताळप्रवेश'. घरात कुणाला गुजराती वाचता येत असेल तर आलटून पालटून वाचा. ऐंशी दिवसांच्या प्रवासासाठी भिंतीवर जगाचा नकाशा लावा: २ ऑक्टोबर १८७२ ला लंडनहून निघायचं, २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या आत परत. प्रत्येक मुक्कामाला टाचणी आणि तारीख. तारखा नीट मांडणाऱ्या मुलाला शेवटचा धक्का स्वतः पकडता येतो, म्हणून आधी फोडू नका. यात मुंबई ते कलकत्ता रेल्वेचा प्रवास आहे, रूळ मध्येच संपतात आणि हत्ती विकत घ्यावा लागतो, तो भाग धमाल. मात्र सती वगैरेचं चित्र एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन नजरेतलं आहे, तिथे थांबून दोन वाक्यं बोला.

व्हर्नच्याच पाणबुडीवाल्या कॅप्टन निमोच्या पुस्तकांचा क्रमही सांभाळा. आधी पाणबुडीवालं (गुजरातीतलं 'सागरसम्राट' तेच), मग 'मिस्टीरियस आयलंड'. निमो मूळचा कोण हे दुसऱ्या पुस्तकात उघड होतं, आणि ते उत्तर आपल्या देशाशी जोडलेलं आहे. उलट वाचलं तर पाणबुडीतलं अर्धं गूढ गेलं. पाणबुडीवाल्यात माशांच्या लांबच लांब याद्या येतात, त्या खुशाल उड्या मारून ओलांडाव्यात. मी ओलांडते.

क्रमाचा हाच घोळ नार्नियात होतो. हल्लीच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला एक आकडा असतो, कारण त्यातल्या घटना आधीच्या. पण ते १९५५ साली आलं, कपाटवालं १९५० साली. रस्त्यावरचा दिव्याचा खांब जंगलात कसा आला, हे कोडं पडण्याआधीच उत्तर मिळालं तर मजा काय? कपाटवालं आधी द्या, आकडा काही का असेना.

जादूच्या पुस्तकांबद्दल माझी एकच कसोटी आहे: जादूला काय जमत नाही? 'द हॉबिट'मधली अंगठी अदृश्य करते, पण भर उन्हात सावली दिसते, आणि नायक बिल्बो दाराच्या फटीत अडकतो तो अडकतोच, पितळी बटणं तुटतात तेव्हा सुटतो. ती अंगठी असूनही भीती शिल्लक राहते. ज्या पुस्तकात गरज पडेल तशी नवी शक्ती उगवते, तिथे वीस पानांनंतर काळजी वाटेनाशी होते. भविष्यवाणीने निवडलेला मुलगा, लाल डोळ्यांचा खलनायक, नकाशावर दहा अगम्य नावं, असं सगळं पहिल्याच पानावर असेल तर मी परत ठेवते. 'हॉबिट'च्या पहिल्या प्रकरणात तेरा बुटके एकामागून एक येतात, नावंही सारखीच. पुठ्ठ्याच्या खुणेवर ती लिहून पुस्तकात ठेवा. फक्त थोरिन आणि बोंबूर ओळखता आले तरी काम चालतं.

हॅरी पॉटर दहाव्या वर्षी तिसऱ्या भागापर्यंतच. मूळ ब्रिटिश आवृत्तीत तिसरा ३१७ पानांचा, चौथा एकदम ६३६. नुसती जाडी नव्हे, चौथ्याचा शेवट खरोखर अंधारा आहे. मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेत, पहिला 'हॅरी पॉटर आणि परीस'. सावकाश वाचणाऱ्याला हा फास्टर फेणेची चार-पाच पुस्तकं झाल्यावर द्या, आधी नको.

विकत घेण्याआधी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत त्याला घेऊन जा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ती सुरू केली, मराठी पुस्तकंही आहेत. तिथले लोखंडी मांडण्यांचे मजले काचेच्या लाद्यांचे आहेत, खालपर्यंत उजेड झिरपावा म्हणून. पाहायला मिळाले तर तेही दाखवा. तिथे चार पुस्तकं समोर ठेवून प्रत्येकाची पहिली दहा पानं त्याला वाचू द्या आणि निवड त्यालाच करू द्या. बॉक्स सेट अजिबात घेऊ नका. सात भागांची रांग कपाटात दिसली की पहिलाच भाग अभ्यास वाटायला लागतो. एक भाग आणा, तो संपवून दुसरा त्याने स्वतः मागितला तरच आणा.